सुरतेची वाट, अस्तंब्याची पायवाट

सतराव्या शतकात सुरत बंदरात उतरलेल्या व्यापाऱ्याला आग्रा गाठायचे असेल, तर त्याच्यापुढे दोन मोठे मार्ग असत. एक अहमदाबादवरून जाई, दुसरा बऱ्हाणपूरवरून. बऱ्हाणपूरचा मार्ग धरला की बारडोली, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असे मुक्काम लागत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा आज अनेकांना नकाशातला आडबाजूचा कोपरा वाटतो. त्या काळी मात्र देशातली एक गजबजलेली वाट त्याच्यामधून जात होती.

अशा प्रवासाची आखणी कशी होत असे, हे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने बारकाईने नोंदवले आहे. त्याचे प्रवासवर्णन १६७६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन बैलांच्या गाडीचे भाडे दिवसाला साधारण एक रुपया. सुरतेहून आग्र्याला पोहोचायला ३५ ते ४० दिवस लागत आणि सगळा खर्च ४० ते ४५ रुपयांत भागे. मालाच्या गाड्यांना दहा-बारा बैल जुंपत आणि प्रत्येक गाडीसोबत चार शिपाई असत. त्यांचा पगार मालाच्या धन्याने द्यायचा. धान्य आणि मीठ वाहणाऱ्या वणजाऱ्यांच्या तांड्यात दहा-बारा हजार बैल असत. असा तांडा अरुंद वाटेवर समोरून आला, तर तो पुढे सरकेपर्यंत थांबून राहावे लागे.

नवापूरविषयी लिहिताना तावेर्निए विशेष रमतो. विणकरांनी भरलेले हे मोठे गाव, पण खरा व्यापार तांदळाचा. इथल्या तांदळाचा दाणा नेहमीच्या दाण्याच्या निम्मा, शिजल्यावर पांढराशुभ्र आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले उमराव दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कुणाला नजराणा द्यायचा तर याच तांदळाचे पोते नेतात, असे तो सांगतो.

त्याच्या आधी इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१० मध्ये याच वाटेने गेला. नंदुरबारच्या अलीकडे बदूर नावाच्या गावात मोहाच्या फुलांची दारू मोठ्या प्रमाणावर गाळली जाते, हे त्याने टिपले. हा मुलूख बागलाणच्या प्रतापशहाचा होता. साल्हेर आणि मुल्हेर हे किल्ले त्याच्याच ताब्यात होते. खुद्द नंदुरबारजवळ फिंचला अनेक कबरी, विलासगृहे, एक किल्ला आणि एक सुरेख तलाव दिसला. १६१५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या भेटीसाठी निघाला, तोही नंदुरबारवरूनच बऱ्हाणपूरला पोहोचला.

या सगळ्यांच्या कितीतरी आधी इब्न बतूता इथे येऊन गेला होता. महंमद तुघलकाचा वकील म्हणून १३४२ मध्ये दिल्लीहून चीनकडे निघालेला हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादहून नंदुरबारला आला आणि इथून खंबायतला गेला. या छोट्या शहरात मराठे राहतात, ते कारागिरीत निपुण आहेत, वैद्य आणि ज्योतिषी आहेत, असे त्याने लिहिले. त्यांचे जेवण भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचे. जेवण्याआधी ते स्नान करतात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

१९०० मध्ये तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत सुरू झाली. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा ही स्थानके वाचताना तावेर्निएच्या मुक्कामांची यादीच समोर येते. नवापूरच्या स्थानकाचा अर्धा भाग आज महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत.

नंदुरबारहून शहाद्याकडे जाताना तापी ओलांडावी लागते, तिथे प्रकाशा आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. काशीयात्रा करून आलेल्या माणसाने प्रकाशाला यावे, तेव्हा ती यात्रा पुरी होते, अशी श्रद्धा आहे. संगमाजवळच्या पांढरीच्या टेकाडात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगातील वस्ती सापडली, तिच्यावर लोहयुगाचे आणि त्यानंतरच्या काळाचे थर. सुरतेची बाजारपेठ उभी राहण्याच्या तीन हजार वर्षे आधी या काठावर माणसे रंगवलेली भांडी वापरत होती.

या जिल्ह्यात परदेशी प्रवाशांच्या वाटा तापीच्या दक्षिणेकडच्या सपाटीवरच राहिल्या. उत्तरेला भिंतीसारखा उभा असलेला सातपुडा त्यांच्या मार्गाबाहेर राहिला. तिथे भिल्ल आणि पावरा समाजाच्या स्वतःच्या वाटा होत्या आणि त्या वाटांचे स्वतःचे पंचांग होते. ते आजही चालू आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा सुरू होते. हे शिखर सव्वातेराशे मीटर उंच आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याचे हे स्थान मानतात आणि गुजरात, मध्य प्रदेशातूनही तरुण मंडळी रात्रीची चढण चढून येतात. महाशिवरात्रीला अशीच पावले तोरणमाळच्या गोरखनाथाकडे वळतात. तिथे यशवंत तलाव आणि सीताखाईची खोल दरी आहे. फाल्गुनात होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरतात आणि मोलगीजवळच्या काठी संस्थानाची राजवाडी होळी पहाटे पेटते. मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू-भोपळे बांधलेले मानतेकरी, म्हणजे नवस फेडणारे, रात्रभर ढोलावर नाचतात.

आज या जिल्ह्याची सहल आखणारे बहुतेक जण त्या जुन्या व्यापाऱ्यांसारखेच सपाटीवरून निघून जातात. वाटेत सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा पाहिली की नंदुरबार पाहून झाले, असा समज होतो. तसे करू नये. प्रकाशा आणि सारंगखेडा तापीकाठी आहेत, ते शहाद्यात राहून एका दिवसात होतात. सातपुड्याला मात्र निदान तीन दिवस द्यावेत: शहाद्याहून तोरणमाळ, मग धडगाव आणि मोलगीमार्गे अक्कलकुवा. पावसाळ्यात घाटात दरडी येतात, म्हणून दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. मोलगीच्या उत्तरेला, नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या पाण्यामुळे या जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली. त्यांतले मणिबेली सर्वांत आधी बुडालेल्या गावांपैकी एक होते. तिथवर जायचे असेल, तर स्थानिक माणसाला सोबत घ्यावे आणि पाण्याखाली गेलेल्या शेताशिवाराची नावे त्याच्याकडून विचारून घ्यावीत.