अफूतील परस्परविरोधी द्रव्ये : पॅपाव्हरिन आणि आतड्याचा अरेखित स्नायू

अतिसारावरील औषध म्हणून अफूचा वापर जुना आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ती आढळत नाही. पुढे शार्ङ्गधरसंहितेत मात्र ‘अहिफेन’ येते. अफूने जुलाब थांबतात हा अनुभव वैद्यांना होता, तसाच युरोपातील डॉक्टरांनाही होता. ती आतड्यावर नेमके काय करते, याचे उत्तर मात्र केवळ अनुभवातून मिळणारे नव्हते.

सर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे केले आणि अफूच्या सर्व गुणांचे श्रेय त्याच्याकडे गेले. १८४८ मध्ये गेओर्ग मेर्क याला त्याच अफूत पॅपाव्हरिन हे दुसरे अल्कलॉइड सापडले. त्यात मॉर्फिनसारखा वेदनाशामक गुण नव्हता. त्यामुळे सुमारे साठ वर्षे ते जवळजवळ अडगळीतच राहिले. गुंगी आणणारे द्रव्य तेच खरे औषध, अशी तत्कालीन दृष्टी होती असे म्हणावे लागते.

ही दृष्टी बदलण्यास एक साधी प्रयोगपद्धती उपयोगी पडली. १९०४ मध्ये रुडोल्फ माग्नुस याने सस्तन प्राण्याच्या लहान आतड्याचा तुकडा शरीराबाहेर, उबदार व प्राणवायूयुक्त क्षारद्रावणात जिवंत ठेवून त्याच्या हालचाली नोंदविल्या. मेंदू, रक्ताभिसरण व रुग्णाच्या तक्रारी बाजूला ठेवून औषधाचा आतड्याच्या भिंतीवरील परिणाम आता पाहता येऊ लागला. पुढे १९१३-१४ च्या सुमारास व्हिएन्नाचे वैद्य याकोब पाल यांनी पॅपाव्हरिन अरेखित स्नायू शिथिल करते, हे दाखवून दिले.

मॉर्फिनचे कार्य याहून निराळे, किंबहुना उलट आहे. ते अन्न पुढे ढकलणारा क्रमसंकोच मंदावते. पण आतड्याच्या स्नायूचा ताण वाढविते. अफूने होणारा मलावरोध हा आतडे सैल पडल्याचा परिणाम नव्हे. हा भेद केवळ पुस्तकी नाही. पित्तशूळाच्या रुग्णास मॉर्फिन दिल्यास वेदना बोथट होते, परंतु पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला स्नायू अधिक आवळला जाऊ शकतो. एकाच चिकातील एक द्रव्य आवळते, दुसरे सोडविते. आणि मॉर्फिनचे प्रमाण बरेच अधिक असल्याने दुसऱ्याचा गुण झाकला जातो.

पॅपाव्हरिनच्या कार्याची उकल होण्यास आणखी अर्धे शतक लागले. १९५० च्या दशकात अर्ल सदरलँड यांनी चक्रीय एएमपीचा शोध लावला. पेशीतील या द्रव्याचे विघटन करणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेज विकरास पॅपाव्हरिन रोखते, असे पुढे आढळले. चक्रीय एएमपी साचले की स्नायूच्या आकुंचनास लागणाऱ्या कॅल्शियमचा प्रभाव घटतो व स्नायू सैलावतो.

पॅपाव्हरिनच्या रेणूवरून १९६० च्या दशकात हंगेरीत ड्रोटाव्हरिन तयार झाले. पोटशूळावर भारतातील डॉक्टर आज ते सर्रास लिहून देतात.