कॅल्शियम वाढलं, पण कशामुळे?

१९२५ साली व्हिएन्नातला एक ट्राम कंडक्टर हाडांच्या दुखण्यानं जेरीस आला होता. मांडीचं हाडही मोडलं होतं. अशा रुग्णांच्या गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी वाढलेल्या असतात, हे शवविच्छेदनांतून तेव्हा कळलेलं होतं. पण हाडं झिजतात म्हणून ग्रंथी वाढतात, की ग्रंथी वाढतात म्हणून हाडं झिजतात? बऱ्याच जाणकारांचा कल पहिल्या उत्तराकडे होता. म्हणजे ग्रंथी हाडांच्या मदतीलाच वाढतात, असं धरून सर्जन फेलिक्स मांडल यांनी अपघातात दगावलेल्या माणसाच्या ग्रंथी आणून या रुग्णाला बसवल्या. गुण आला नाही. मग ३० जुलैला त्यांनी गळा उघडून वाढलेली गाठच काढली आणि रुग्ण पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी दुखणं उलटलं, पण खरा गुन्हेगार सापडला होता.

गंमत अशी, की या ग्रंथी आधी दिसल्या त्या एका भारतीय गेंड्याच्या गळ्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या त्या गेंड्याचं विच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केलं होतं.

अमेरिकेत याच आजारानं चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची उंची काही वर्षांत सुमारे सात इंचांनी घटली. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं आहे, हे १९२६ मध्ये न्यूयॉर्कला समजलं; गाठ मात्र मिळेना. सातवी शस्त्रक्रिया १९३२ मध्ये झाली, तेव्हा ती छातीत सापडली. काही आठवड्यांतच, मूतखड्यानं झालेल्या गुंतागुंतीत, कप्तान गेले.

१९६३ मध्ये बर्सन आणि यालो यांनी पॅराथायरॉईड हार्मोन रक्तात मोजायची रीत दाखवली आणि निदानाची दिशाच बदलली. कॅल्शियम जास्त आणि हार्मोनही जास्त किंवा दबलेलं नाही, तर संशय बहुधा ग्रंथीवर. हार्मोन दबलेलं असेल, तर कर्करोग, क्षयासारखे आजार किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचा अतिरेक शोधायचा.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. कंबर-गुडघे दुखतात म्हणून सहा लाख युनिटचं इंजेक्शन वारंवार घेतलं जातं आणि पुढे उलट्या, बद्धकोष्ठता, गळाठा सुरू होतो. ग्रंथीचा आजारही आपल्याकडे बरेचदा उशिरा, हाडं मोडल्यावर किंवा मूतखडे झाल्यावर उघडकीस येतो. खेडं असो वा शहर, पुन्हा पुन्हा मूतखडा होणाऱ्या माणसानं डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: माझं कॅल्शियम तपासलंत का? आणि ते जास्त निघालं, तर हार्मोनचीही तपासणी करून घ्यावी. ‘ड’ जीवनसत्त्वाची किती इंजेक्शनं घेतली, हेही लपवू नये.