चाकणहून फ्रँकफर्ट किती लांब?

चाकण एमआयडीसीत कोणालाही विचारा, "जर्मनी किती लांब?" उत्तर किलोमीटरमध्ये येणार नाही. "दारापासून दारापर्यंत पंधरा-सोळा तास धरा," असंच येईल. मी मात्र पीएचडीच्या पहिल्या वर्षी किलोमीटर घेतले, ताशी ९०० ने भागले आणि त्या रकान्याला 'प्रवासवेळ' असं नाव दिलं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हा आकडा कोणत्या वर्षाचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. तुमचं तसं होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

दोन विमानतळांमधलं अंतर ही भूमिती आहे. पृथ्वी गोल धरायची, दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृष्ठभागावरचा सर्वात छोटा मार्ग काढायचा. लोहगाव ते फ्रँकफर्ट सुमारे ६,६८५ किमी येतं, मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे ६,५७०. हे आकडे १९४८ सालीही तेवढेच होते.

वेळेचं तसं नाही. वेळेला इतिहास असतो. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. सरळ अंतर सुमारे ७,२०० किमी. पण कैरो आणि जिनिव्हा हे थांबे धरले की मार्ग ७,९०० किमीच्या आसपास जातो. त्यात पंख्याच्या विमानाचा वेग ताशी साधारण ५०० किमी. १९६० मध्ये बोईंग ७०७ आलं आणि वेग जवळजवळ दुप्पट झाला. शहरं जागची हलली नाहीत, वेळ मात्र आटली.

आता आपल्या भागात या. २००८ मध्ये लुफ्थान्साने पुणे–फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली, तीही फक्त बिझनेस क्लास असलेल्या छोट्या बोईंग ७३७ ने. छोटंच विमान का? लोहगावची धावपट्टी सुमारे २,५०० मीटर, मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. हवा विरळ, म्हणून उड्डाणाला जास्त धाव लागते. इंधनाने भरलेलं मोठं विमान इथून उचलणं अवघड.

मुंबईपेक्षा पुण्याहून फ्रँकफर्ट ११५ किमी जास्त लांब, म्हणजे हवेत आठ-दहा मिनिटं. पण चाकणच्या माणसाचे तळेगाव, एक्सप्रेस-वे, मुंबई असे तीन-चार तास वाचत होते! ती सेवा पुढे बंद झाली. चाकण-राजगुरुनगर भागात विमानतळ होणार, अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली; २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली. अंतर तेच राहिलं, तास परत वाढले.

राजकारणही तास वाढवतं. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं हवाई क्षेत्र साडेचार महिन्यांच्या आसपास बंद होतं; युरोपच्या अनेक विमानांना वळसा पडला. आणि दिशाही बघा: उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे युरोपला जाताना सहसा येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून 'वेळ' हा चल वापरताना आधी ठरवा: हवेतला की घरापासूनचा, कोणत्या दिशेचा, कोणत्या वर्षाचा. माझ्या तक्त्यात आता तो रकाना असा आहे: 'उड्डाणवेळ, मुंबई ते फ्रँकफर्ट, वर्षनिहाय'. नाव लांबलंय खरं, पण मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.