कॅन्सरचा पेशंट मुंबईत राहणार कुठे?

काही वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावरचे एक रापणकार तोंडातली जखम दाखवायला आले. दीड महिना झाला तरी भरत नव्हती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. मी परळच्या टाटा रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली, ऑपरेशन काय असतं, शेक किती आठवडे घ्यावा लागतो, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "डॉक्टरांनू, मुंबैत मी रवतलंय खंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "होईल काहीतरी सोय," म्हणालो. चार महिन्यांनी परत आले तेव्हा मानेत गाठ आली होती. मुंबईला ते गेलेच नव्हते. घाबरले असतील असं मी धरून चाललो होतो.

हा प्रश्न त्यांच्या वडिलांना पडला नसता. का, ते सांगतो.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्या दुःखातून पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. परळ म्हणजे गिरणगाव, आणि गिरणगाव म्हणजे निम्मं कोकण! तिथल्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एकेका खोलीत वीस-तीस गाववाले, वळकट्या गुंडाळून ठेवायच्या, पाळीपाळीने झोपायचं, जेवण खानावळीत. मालवणचा आजारी माणूस आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरला की त्याची वळकटी थेट त्या खोलीवर जाई. रात्रपाळी करून आलेला गाववाला त्याला रुग्णालयात नेई, केसपेपर काढून देई, डॉक्टर काय म्हणाले ते मालवणीत सांगे, घरी पत्र लिही. खोली काही आदर्श नव्हती. खोकला, ढेकूण, दारूही होती. पण आज वैद्यकात आम्ही ज्याला सहायक सेवा म्हणतो, तिच्यातलं बरंच काही त्या दहा बाय बाराच्या खोलीत फुकट मिळत होतं.

ज्यांचा मुंबईत कुणीच नव्हता त्यांची आठवण गाडगेबाबांना होती. रुग्णालयात आलेल्या गरिबाचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात हे त्यांनी पाहिलं आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण राहतात.

१९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले. गावकीच्या बऱ्याच खोल्या गेल्या. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबई एका रात्रीवर आली, पण उतरायचं कुणाकडे हे कठीण झालं. गंमत बघा, प्रवास सोपा झाला आणि मुक्काम अवघड.

योगायोगाने त्याच काळात वैद्यकाला वेगळं काही सुचत होतं. १९८६ साली डॉ. लुईस डिसूझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना आश्रम सुरू केला. बरा न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांसाठी भारतातलं ते पहिलं शुश्रूषागृह. पुढे गोव्यात लोटलीला त्याची शाखा निघाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली: आधी साधी गोळी, मग सौम्य अफूजन्य औषध, शेवटी मॉर्फिन. पण आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा नुकताच आला होता. परवान्यांच्या भीतीने दुकानांतून मॉर्फिन दिसेनासं झालं. तो कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात किती माणसं कण्हत गेली, हे आम्हा डॉक्टरांना विचारा.

पेशंटला काय हवं ते त्यालाच पद्धतशीर विचारावं, हे तर फारच उशिरा आलं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यासाठी प्रश्नावली केली. तिची छोटी आवृत्ती ३४ प्रश्नांची आहे: दुखणं, रोजची कामं, मनातली भीती, माहिती, लैंगिक अडचणी, गेल्या महिन्यात यातल्या कशासाठी मदत लागली? हाँगकाँगमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या चिनी स्त्रियांना हेच विचारून जर्मन स्त्रियांशी तुलना केली. जर्मन बायकांना मनाचा आधार अधिक हवा होता, चिनी बायकांना माहिती. आजार कुठवर आलाय, पुढे काय, विचारायचं कुणाला? म्हणजे गरज माणसागणिक आणि मुलखागणिक बदलते. आपल्याकडे टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी जीवनमानाच्या युरोपीय प्रश्नावल्या मराठी आणि हिंदीत आणून तपासल्या. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

मला विचाराल तर त्या परक्या प्रश्नावल्यांत आमच्या रापणकारांचा प्रश्न नेमका बसत नाही. म्हणून मी आता चिठ्ठी लिहिण्याआधी विचारतो: राहणार कुठे, सोबत कोण, घरी कमावतं कोण, रात्री दुखण्याने झोप लागते का, आणि पेशंटला आजाराचं नाव सांगितलंय का. या शेवटच्यावर मुलगे दाराबाहेर नेऊन "त्यांना सांगू नका" म्हणतात. बहुतेक वेळा त्यांना आधीच कळलेलं असतं.

तुम्ही कुणाला घेऊन टाटाला निघाला असाल, तर तिथल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. धर्मशाळेची चिठ्ठी, योजनांचे कागद, सगळं तिथून सुरू होतं. दुखत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सांगा. वेदनेसाठी तिथे वेगळा विभाग आहे. रापणकार शेवटी गेले, पुतण्याला सोबत घेऊन. दोघे दादरच्या धर्मशाळेत उतरले होते.