मनाई हुकूम (मनी लाँडरिंग प्रतिबंध कायद्यातील)

गुन्ह्यातून आलेला पैसा सरळमार्गी भासवण्याला आळा घालणारा कायदा एखादी बँक, कॅसिनो किंवा पैसे पाठवणारा एजंट मोडत असेल, तर ते थांबवण्यासाठी नियामकाने न्यायालयाकडून मिळवलेला दिवाणी आदेश.

ऑस्ट्रेलियाच्या 2006 च्या कायद्यानुसार ‘ऑस्ट्रॅक’ या नियामक संस्थेचे प्रमुख फेडरल न्यायालयाकडे असा हुकूम मागू शकतात. तो दोन तऱ्हांचा असतो: अमुक करू नका, किंवा अमुक करा. दुसरी तऱ्हा अधिक कामाची, कारण इथले बहुतेक गुन्हे न केलेल्या कामांचेच असतात. ग्राहकाची ओळख पटवलेली नसते, अहवाल धाडलेला नसतो.

एरवी तूर्तातूर्त मनाई मागणाऱ्या वादीला, दावा हरलो तर प्रतिवादीचे नुकसान भरून देऊ, अशी हमी सहसा द्यावी लागते. ऑस्ट्रॅककडून ती घेतली जात नाही. प्रतिवादी पुन्हा कायदा मोडणार आहे, हे दाखवण्याचीही सक्ती नाही. अमेरिकेच्या 1970 च्या बँक सिक्रसी कायद्याखाली अर्थमंत्री न्यायालयात जाऊ शकतात, आणि तिथेही हुकूम जामीनरोख्याशिवाय मिळतो. नियामकाला ही मोठीच मोकळीक म्हणायची.

तरी गाजतात ते दंडच. ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेच्या स्वयंचलित भरणा यंत्रांत एका वेळी 200 नोटा, म्हणजे 20,000 डॉलरपर्यंत रोकड भरता येई. 10,000 डॉलर किंवा त्याहून अधिक रोख व्यवहाराचा अहवाल दहा कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. बँकेचे असे 53,000 हून अधिक अहवाल वेळेवर गेले नाहीत. संगणक प्रणालीतली चूक सुमारे तीन वर्षे कुणाच्या ध्यानात आली नव्हती. 2017 मध्ये दावा झाला, 2018 मध्ये 70 कोटी डॉलरचा दंड. 2020 मध्ये वेस्टपॅक बँकेला तर 130 कोटींचा बसला. दंड मागच्या चुकांचा हिशेब करतो. उद्याचा व्यवहार रोखायचा तर मनाईच हवी.

भारतात वाट वेगळी आहे. 2002 च्या मनी लाँडरिंग प्रतिबंध कायद्याखाली अंमलबजावणी संचालनालय (ईडी) स्वतःच मालमत्तेवर 180 दिवसांपर्यंत तात्पुरती टाच आणते; त्यासाठी न्यायालयाची मनाई लागत नाही. उलट कलम 41 मनाईचा उल्लेख करते तो ईडीच्या बचावासाठी: या कायद्याखालच्या कारवाईला कोणत्याही न्यायालयाने मनाई देऊ नये. टाच आलेल्याने आपली बाजू मांडायची ती आधी अभिनिर्णय प्राधिकरणापुढे, मग अपील न्यायाधिकरणात आणि त्यानंतर उच्च न्यायालयात.