समुद्रतळाच्या मोजणीची कुळकथा

मध्य प्रदेशातल्या मोहगाव-सौसरकडच्या प्राचीन खडकांना भूगर्भशास्त्रात ‘सौसर गट’ असंच नाव आहे. अशा पक्क्या खडकावर जीपीएस यंत्र बसवलं की जमीन वर्षाकाठी किती मिलिमीटर सरकते ते कळतं. समुद्रतळावर ही सोय नाही. खाऱ्या पाण्यात उपग्रहाच्या रेडिओलहरी लगेच विरतात. आणि जगातले सर्वांत मोठे भूकंप घडवणारे भ्रंश तर बहुतेक पाण्याखालीच आहेत.

पाण्यातून दूरवर पोचतो तो आवाज. 1826 मध्ये जिनिव्हा सरोवरात शास्त्रज्ञ कोलाडों यांनी पाण्याखाली घंटा वाजवून त्याचा वेग मोजला: सेकंदाला सुमारे 1435 मीटर. समुद्रात तो 1500 च्या आसपास असतो, पण तापमान, क्षार आणि खोलीनुसार बदलतो. सेंटिमीटरचा हिशेब इथेच बिघडतो.

1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या फ्रेड स्पीस यांनी यावर तोड काढली. तळावर ट्रान्सपाँडर वर्तुळात ठेवायचे आणि जहाज मधोमध उभं करायचं. जहाजानं साद घातली की प्रत्येक ट्रान्सपाँडर ओ देतो. वरचं पाणी तापलं तर सगळ्याच उत्तरांच्या वेळेत सारखा फरक पडतो, म्हणून आडवं स्थान काढताना ती चूक वजा होते. जहाजाची जागा जीपीएस सांगतं. दर खेपेला हेच मोजलं की तळाची चाल उमगते.

जपानच्या तटरक्षक दलानं ही पद्धत नेटानं चालवली. 11 मार्च 2011 च्या तोहोकू भूकंपात केंद्राजवळचं त्यांचं समुद्रतळावरचं ठाणं 24 मीटर सरकलं आणि 3 मीटर उचललं गेलं. किनाऱ्यावरची जमीन सर्वाधिक सरकली ती जेमतेम 5 मीटर. नुसत्या जमिनीवरच्या मोजणीतून एवढी उलथापालथ थेट दिसली नसती.

इस्तंबूलजवळ मार्मारा समुद्रात तर भ्रंशाच्या दोन्ही बाजूंची यंत्रं अडीच वर्षं एकमेकांशीच बोलत होती. अंतर बदललं नाही. म्हणजे भ्रंश अडकलेला आहे आणि ताण साचतो आहे.

अरबी समुद्रातल्या मकरान भ्रंशाची त्सुनामी नोव्हेंबर 1945 मध्ये मुंबईपर्यंत आली होती. आज चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे तरंगते बोये तळाच्या दाबमापकाचा निरोप आवाजावाटेच घेतात. पण तो लाट उठल्यावरचा इशारा. त्याआधी साचणारा ताण मोजायचा, तर मकरानच्या तळावरही स्पीस यांच्यासारखी आवाजाचीच रीत लागेल.