एका भिंतीवरची दोन मिठागरे

दोन दूरच्या प्रदेशांची छायाचित्रे शेजारी मांडण्याची रीत मुंबई इलाख्यात जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, विल्यम जॉन्सन, यांनी पुढे मुंबईत आढळणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. १८६३ चा पहिला खंड गुजरात, कच्छ व काठेवाडचा आणि १८६६ चा दुसरा महाराष्ट्राचा. दोन्ही खंड समोर ठेवले की तुलना आपोआप होते. मात्र त्यांतली बरीच चित्रे जोडचित्रे आहेत. माणसे एका जागी टिपली आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच छायाचित्रातून आणून बसवला. ज्या भूमीवर ती उभी दिसतात तिथे ती त्या क्षणी नव्हतीच.

हे उदाहरण नायगावकरांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वसई खाडीच्या उत्तर काठावरच्या या गावाची तुलना करायची झाली तर पहिले नाव पोर्तुगालचेच सुचेल. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या २०५ वर्षांच्या खुणा किल्ल्यात, चर्चमध्ये आणि आडनावांत दिसतातच. पण किल्ला आणि चर्च सोडून नायगावची मिठागरे व पोर्तुगालमधल्या आव्हेइरोची मिठागरे अशी दोन छायाचित्रे एका भिंतीवर लावून पाहावीत.

दोन्हींत आखीव चौकोन, मातीचे बांध, उथळ पाणी आणि काठावर मिठाचे पांढरे ढीग. डोक्यावर टोपली घेतलेली बाईसुद्धा दोन्हीकडच्या जुन्या चित्रांत सापडेल. बघणारा लगेच म्हणेल, ही पोर्तुगीजांची देणगी! पण सारखेपणा म्हणजे वारसा नव्हे. आव्हेइरोच्या मिठागरांचा उल्लेख इ. स. ९५९ च्या दस्तऐवजात आहे, म्हणजे पोर्तुगालचे राज्य उभे राहण्याच्याही आधीचा. चिकण माती, भरती-ओहोटी, ऊन आणि वारा जिथे एकत्र येतात तिथे माणूस असेच चौकोन आखतो. त्यासाठी तहाची गरज नसते.

छायाचित्रात न दिसणारा फरक मोठा आहे. आव्हेइरोत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मीठ भर उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये निघते. नायगावला नेमके तेच महिने पाण्याखाली जातात. पावसाने खचलेले बांध सावरायचे काम इथे दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि मीठ मिळते ते मृगाच्या आधी. दोन्ही चित्रांतले ढीग सारखेच पांढरे असले, तरी त्यांच्यामागची वर्षे एकमेकांच्या उलट चालतात. मीठ निघण्याच्या दिवसांतच छायाचित्रकार येत असल्याने उरलेले महिने भिंतीवर येतच नाहीत. जुलै २०१८ च्या पुरात वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकून पडली होती. पांढऱ्या ढिगांच्या देखण्या चित्रावरून याची कल्पनाही येणार नाही.

म्हणून अशा प्रदर्शनात चित्राइतकीच त्याखालची ओळ महत्त्वाची. नुसते ‘वसईचे मिठागर’ लिहून भागणार नाही. कोणत्या गावचे, कोणत्या महिन्यात, भरतीच्या वेळी की ओहोटीच्या, आणि चित्रातला माणूस आगरी, आदिवासी की बाहेरगावाहून हंगामापुरता आलेला मजूर, तेही हवे. त्याची संमती असेल तर नावही हवे. जॉन्सन यांच्या खंडांत माणसाची ओळख जातीच्या नावापाशी थांबते, आणि दीडशे वर्षांनंतर ती पुढे नेण्याचा मार्ग आपल्याजवळ नाही.

नायगाव स्थानकाच्या पूर्वेला आता उंच इमारती उभ्या आहेत. मिठागरे मागे हटत आहेत. ती दिसेनाशी झाल्यावर ही छायाचित्रे पुरावा म्हणून वाचली जातील, आणि ज्या चित्राखाली गाव, महिना व माणूस नोंदलेला नसेल, त्याच्यामागे कोणतीही भूमी आणून जोडता येईल.